पेटी बांधतांना



मोठमोठ्या संस्थांचें कामकाज ज्या संगणकांवर चालतें त्यांस सर्व्हर म्हणतात. अशा सर्व्हरवर नवा प्रोग्राम नेऊन बसविला असतां तो कां अडतो, आणि अडल्यास दोष कोठें व कसा शोधावा, याविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें. ज्याचें आयुष्य सावंतवाडीच्या आसपासच्या शाळांतून अंकगणित व व्याकरण शिकविण्यांत गेलें, आणि ज्याची स्वतःची विद्या मॅट्रिकच्या पुढें फारशी गेली नाहीं, त्यानें हा विषय कां घ्यावा, असें आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, निवृत्तिवेतन, विजेचें बिल, सातबाराचा उतारा, कोंकण रेल्वेचें तिकीट, मुलांचे निकाल, यांपैकीं एकहि गोष्ट आज सर्व्हरवांचून होत नाहीं. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हें वाक्य खिडकीपलीकडून ज्यानें ऐकलें नाहीं असा गृहस्थ विरळा. पूर्वीं ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या वाक्याची जी योग्यता होती ती आतां यास आली आहे. तें ऐकलें कीं माणूस पुढें कांहीं न विचारतां छत्री उचलतो व घरीं जातो.

सर्व्हर बंद पडण्याचीं कारणें अनेक. वीज जाते, तार तुटते, यंत्र झिजतें, प्रोग्राम लिहिणाराची समजूत चुकते. या सर्वांना आज मी बाजूला ठेवतों. एक कारण मात्र असें आहे कीं, त्यांत यंत्राचाहि दोष नसतो आणि लिहिणाराच्या बुद्धीचाहि नसतो; दोष असतो तो पेटी बांधण्यांत. आंबा उत्तम, बाजार उत्तम, पण पेटींत पेंढा कमी पडला आणि वाशीस पोंचेपर्यंत फळ डागलें, अशांतलाच हा प्रकार आहे.

पेटी म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. प्रोग्राम लिहिला जातो एका ठिकाणीं आणि चालतो दुसऱ्याच ठिकाणीं. पुण्यास हिंजवडीच्या कचेरींत तो तयार झाला, तरी त्याला मुंबईच्या किंवा आणखी कोठल्या सर्व्हरवर जाऊन संसार करावयाचा असतो. त्याच्यासोबत शेंकडों लहानमोठ्या फायली असतात. कांहीं स्वतः लिहिलेल्या, कांहीं दुसऱ्यांनीं लिहून जगाला दिलेल्या, कांहीं नुसत्या सूचनांच्या. जावा नांवाची जी संगणकाची भाषा सन कंपनीनें 1995 सालीं प्रसिद्ध केली, तिच्यावर बँका, विमा, सरकारी खातीं यांचा पुष्कळ कारभार चालतो. 1999 च्या डिसेंबरांत या भाषेची मोठ्या कारभारासाठीं एक संहिता निघाली, आणि सगळें सामान एका पेटींत कसें बांधावें याचे नियम तिच्यांत घालून दिले गेले. त्या पेटीला ‘वॉर’ म्हणतात. युद्धाशीं याचा संबंध नाहीं. इंग्रजी नांवांतील अक्षरें जोडून तो शब्द बनविला आहे. अशा कित्येक पेट्या ज्या पेटाऱ्यांत घालतात त्यास ‘ईअर’ असें म्हणतात. त्याचाहि कानाशीं संबंध नाहीं.

या पेट्यांची आंतील बांधणी झिप नांवाच्या पद्धतीची आहे. ती फिल कॅट्झ या अमेरिकन गृहस्थानें 1989 सालीं काढली, आणि अजूनहि प्रत्येक पेटीच्या तोंडाशीं त्याच्या नांवाचीं पी व के हीं अक्षरें असतात. तिची एक खोड लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आंत काय काय आहे याची यादी झांकणाला चिकटविलेली नसून अगदीं तळाशीं असते. त्यामुळें नेतांना प्रत अर्धवट झाली, तर वरचें सामान शाबूत असूनहि पेटी उघडत नाहीं. लोक प्रोग्राममध्यें दोष शोधीत बसतात, आणि खरी गोष्ट एवढीच असते कीं, शेवटचा तुकडा वाटेंत राहिला. दोन्ही टोकांना फायलीचा आकार पाहिला तर अर्ध्या मिनिटांत शंका फिटते.

सावंतवाडीच्या माणसाला ही गोष्ट समजावून देण्यास मी गंजिफाचें उदाहरण घेत असतों. आमच्याकडील दशावतारी गंजिफाच्या संचांत 120 पानें असतात. दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, म्हणजे एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा. श्रीमंत शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी यांनीं लोपत चाललेली ही कला गेल्या शतकाच्या सत्तरीच्या सुमारास राजवाड्यांत पुन्हां उभी केली, आणि तीं गोल पानें आजहि तेथें हातांनीं रंगविलीं जातात. आतां समजा कीं, संच डबींत भरतांना एक पान गळलें. डबी तशीच दिसते, वजनांत फरक कळत नाहीं, पानें वांटलीं जातात, खेळहि सुरू होतो. तें विशिष्ट पान लागण्याची वेळ आली म्हणजे मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. याच्या उलट, दोन निराळ्या चितारांचीं पानें एकाच डबींत पडलीं, तर मत्स्याचे राजे दोन होतात, आणि ज्याच्या हातीं जो आला तो त्यालाच खरा समजतो. पेटीच्या बांधणींतील निम्मे घोटाळे या दोन प्रकारांत येतात. एक, वस्तु राहिली; दोन, वस्तु दुप्पट झाली. माझ्या मतें दुसरा अधिक वाईट, कारण उणीव डोळ्यांत भरते, आधिक्य भरत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. आमच्या भागांतील एका पतसंस्थेंत शनिवारीं रात्रीं नवा प्रोग्राम बसविला गेला. संस्थेचें नांव सांगण्याची जरुरी नाहीं. चतुर्थीला चार दिवस उरले होते, आणि सोमवारीं सकाळीं दहा वाजतां जी रांग लागली होती तींत मीहि होतों. कोंकणांत चतुर्थीचा आठवडा म्हणजे काय, हें मुंबईकरांना सांगावयास नको. वर्षभर शिलकीला टाकलेला पैसा त्याच आठवड्यांत बाहेर निघतो. खिडकी उघडली. पडद्यावर संस्थेचें बोधचिन्ह आलें, कारकुनानें आपलें नांव व सांकेतिक शब्द दिला, खातेदाराचें खातें दिसलें, शिल्लक दिसली. पैसे काढण्याचा आंकडा घातला, आणि पडदा गोठला. पुन्हां केलें, पुन्हां तेंच. पैसे भरतां येत होते, काढतां येत नव्हते! रांगेंत माझ्यापुढें आंबोलीकडील एक म्हातारी होती. ती दर पांच मिनिटांनीं विचारी, “काय रे झिला, पैशे आज गावतले काय नाय?” तिची मूर्ति शाळेंत सांगून ठेवलेली होती, आणि पैसे दिल्यावांचून ती घरीं न्यावयाची नव्हती.

आंत काय चाललें होतें तें मला नंतर कळलें, कारण प्रोग्राम बसविण्यासाठीं ठेकेदारानें पाठविलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. प्रथम तार तपासली गेली. मग यंत्र बंद करून सुरू करण्यांत आलें, तें एकदां नव्हे, तीनदां. मग हिशेबाच्या कोठारावर, म्हणजे डेटाबेसवर, संशय घेण्यांत आला. प्रत्येक वेळीं प्रोग्राम व्यवस्थित सुरू होई, आणि व्यवस्थित सुरू होतो म्हणूनच बसविण्यांत चूक नाहीं असा सर्वांचा निष्कर्ष निघे. दुपारीं ठेकेदाराचा पुण्याहून दूरध्वनि आला. “प्रोग्राम इथें चालतो, तिथें चालत नाहीं, त्या अर्थीं तूंच कांहीं तरी बिघडविलें आहेस. संध्याकाळपर्यंत झालें नाहीं तर उद्यांपासून येऊं नकोस,” असें त्यास बजावण्यांत आलें. मुलगा हुशार, पण बहिणीचें लग्न तोंडावर, आणि घरांत कमावता तो एकटा.

त्यानें काय केलें तें मला फार आवडलें. त्यानें अंदाज करणें सोडून दिलें आणि यंत्रानें लिहून ठेवलेलें रोजनामे वाचावयास घेतले, ज्यास लॉग म्हणतात. लॉगमध्यें एका चुकीखालीं शंभर शंभर ओळी असतात. वरची ओळ मोठी भयंकर असते, आणि घाबरलेला मनुष्य तिथेंच थांबतो. पण वरची ओळ म्हणजे परिणाम. खालीं खालीं जातां ‘कॉज्ड बाय’, म्हणजे ‘याच्या योगानें’, असें पुन्हां पुन्हां येतें, आणि त्यांतील शेवटचें जें असेल तें बहुधा मूळ कारण असतें. त्या ठिकाणीं लिहिलें होतें, ‘नो सच मेथड’. याचा अर्थ असा कीं, वस्तु सांपडली, पण तिच्यांत जो गुण असावयास पाहिजे तो नाहीं. गुरुजींच्या भाषेंत सांगावयाचें तर पुस्तक मिळालें, पण त्यांत तो धडाच नाहीं. म्हणजे आवृत्ति जुनी आहे.

नव्या पेटींत तर नवीच आवृत्ति घातलेली होती. मग जुनी आली कोठून? त्यानें पेटींतील फायलींची यादी काढली, सर्व्हरवरच्या कप्प्यांतील फायलींची यादी काढली, आणि दोन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवून बोट फिरविलें. सर्व्हरवर एक फाईल जास्त होती. शनिवारीं रात्रीं घाईघाईनें नवी पेटी जुन्या कप्प्यावरच ओतण्यांत आली होती. सारख्या नांवाच्या फायलींवर नव्या फायली बसल्या. पण या एका फायलीच्या नांवांतच आवृत्तीचा आंकडा होता, म्हणून जुनी जुन्या नांवानें तशीच राहिली आणि नवी तिच्या शेजारीं येऊन बसली. मत्स्याचे दोन राजे! जावाचा नियम असा आहे कीं, एकाच नांवाच्या दोन वस्तु असल्या तर जी आधीं दिसेल ती घ्यावयाची. आधीं कोणती दिसावी हें कोणी ठरवून दिलेलें नसतें; तें त्या त्या यंत्राच्या कप्प्यांच्या रचनेवर अवलंबून असतें. येथें जुनी आधीं दिसली. शिवाय एखादा धडा पुस्तकांत आहे कीं नाहीं याची चौकशी प्रोग्राम सुरू होतांना होत नाहीं, तो धडा वाचण्याची वेळ येते तेव्हां होते. म्हणून बोधचिन्ह आलें, शिल्लक दिसली, पैसे भरतां आले, आणि काढतां आले नाहींत.

जास्तीची फाईल काढून प्रोग्राम पुन्हां सुरू करावयास दहा मिनिटें लागलीं. संध्याकाळीं पांचला बंद होणारी खिडकी त्या दिवशीं आठपर्यंत उघडी राहिली. म्हातारीची मूर्ति घरीं गेली. मुलाची नोकरीहि राहिली, परंतु ठेकेदारानें त्याला बरें म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. पुण्यांत तो प्रोग्राम कां चालत होता, याचेंहि उत्तर सांगतों. पुण्याचा कप्पा नवा होता. तेथें मागच्या संसाराचें भांडें कांहीं राहिलेलेंच नव्हतें.

यंत्राच्या तक्रारींचे ठराविक प्रकार आहेत, आणि वैद्याला जशी नाडी तशी त्या कामांतल्या माणसाला हीं वाक्यें ओळखतां आलीं पाहिजेत. ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणजे वस्तु पेटींत घालावयाची राहिली. हा सर्वांत सरळ. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्शन’ म्हणजे प्रोग्राम नव्या जावानें तयार केला आणि सर्व्हरवर जावा जुनी आहे. तेथें एक आंकडा दिलेला असतो. 52 असेल तर आठवी जावा, 55 असेल तर अकरावी, 61 असेल तर सतरावी. आंकड्यांतून 44 वजा केले कीं आवृत्ति मिळते, हा हिशेब माझ्या विद्यार्थ्यानें सांगितला आणि मला तो फार पसंत पडला. ‘क्लास कास्ट’ हा मात्र मोठा चमत्कारिक. त्यांत यंत्र म्हणतें कीं, अमुक वस्तूला अमुकच वस्तु म्हणून वापरतां येत नाहीं, आणि दोन्ही नांवें अक्षरशः एकच असतात! वाचणारास वाटतें कीं यंत्राचें डोकें फिरलें. खरी गोष्ट अशी कीं, जावा एखाद्या वस्तूची ओळख नुसत्या नांवावरून पटवीत नाहीं; ती कोणी आणली तेंहि पाहते. एक प्रत सर्व्हरनें स्वतःच्या भांडारांतून आणलेली, दुसरी पेटींतून आलेली. त्या तिच्या मतें परक्या. गांवांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ असले तर पोस्टमन वडिलांचें नांव विचारतो, तशांतली ही गोष्ट आहे. यावर उपाय एकच, तो म्हणजे जें सामान सर्व्हरच्या घरीं आहे तें पेटींत घालूं नये. पाहुण्यानें येतांना यजमानाच्या घरचा पाटा उचलून आणूं नये, एवढेंच.

नांवांवरून आठवलें. आमच्या गांवाचें जुनें नांव सुंदरवाडी. आज कोणी पत्रावर तें नांव घालून धाडलें, तर जाणता पोस्टमन असेल तोंवर पत्र पोंचेल. पण यंत्रानें छाननी होत असेल तर तें कोठें जाईल हें सांगवत नाहीं. जावाच्या राज्यांत असाच एक नामांतराचा प्रसंग घडला. सन कंपनी ओरॅकलनें घेतली. ओरॅकलनें 2017 मध्यें मोठ्या कारभाराची ती संहिता एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या हवालीं करण्याचें ठरविलें, परंतु नांवावरचा हक्क सोडला नाहीं. तेव्हां संहितेचें नांव जकार्ता ठेवावें लागलें. इतकेंच असतें तर पाट्या बदलून भागलें असतें. पण आंतील वस्तूंच्या नांवांची सुरुवात ‘जावाएक्स’ या शब्दानें होत होती, ती 2020 च्या डिसेंबरांत निघालेल्या नवव्या आवृत्तीपासून ‘जकार्ता’ अशी झाली. परिणाम असा कीं, टॉमकॅट या प्रसिद्ध सर्व्हरच्या नवव्या आवृत्तीवर वर्षानुवर्षें बिनबोभाट चाललेली पेटी दहाव्यावर नेली कीं उभीच राहत नाहीं. लिहिणारानें एक अक्षर बदललेलें नसतें. पत्ता जुना, एवढाच तिचा अपराध. टॉमकॅटच्या कर्त्यांनीं शहाणपणानें एक निराळा कप्पा ठेवला आहे; त्यांत जुनी पेटी टाकली कीं तो नांवें आपोआप बदलून घेतो. जाणत्या पोस्टमनची सोय त्यांनीं केली म्हणावयाची.

आपल्या मराठी लोकांना दोन अडचणी विशेष भोंवतात. एक लिपीची. देवनागरींत मोठें अक्षर व लहान अक्षर असा भेद नाहीं, आणि हा भेद आपल्या मुलांच्या हाडांत मुरलेला नसतो. विंडोजच्या यंत्रावर फायलीच्या नांवांत मोठें अक्षर घातलें काय आणि लहान घातलें काय, चालून जातें. लिनक्सच्या सर्व्हरवर तीं दोन निरनिराळीं नांवें होतात. पोरगा आपल्या यंत्रावर विंडोज वापरतो आणि सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो. घरीं सांपडणारी फाईल तिकडे सांपडत नाहीं, ती यामुळें. दुसरी अडचण मराठी मजकुराची. युनिकोड या जागतिक लिपिसंहितेंत देवनागरीला पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1991 पासून, जागा आहे. परंतु जावाच्या पेटींत सूचनांच्या ज्या साध्या फायली असत, त्या पश्चिम युरोपच्या लिपींत आहेत असें समजूनच वाचल्या जात. 2017 च्या नवव्या आवृत्तींत ही समजूत पुष्कळ अंशीं सुधारली, आणि 2022 च्या मार्चांत निघालेल्या अठराव्या आवृत्तीपासून युनिकोडची यूटीएफ-8 ही पद्धतच गृहीत धरली जाऊं लागली. जुन्या सर्व्हरवर अजूनहि खातेदाराच्या नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची माळ उमटते. ज्यांच्या पूर्वजांनीं मोडी लिपि वापरली त्यांना न वाचतां येणाऱ्या अक्षरांचें नवल नसावें. पण मोडी जाणणारा एक तरी सांपडतो, प्रश्नचिन्हें जाणणारा कोणी नाहीं.

मॅनिफेस्ट नांवाच्या यादीविषयीं एकच सांगतों. तिची शेवटची ओळ संपल्यावर नवी ओळ सुरू केली नाहीं, तर ती शेवटची ओळ वाचलीच न जाण्याचा संभव असतो. पूर्णविराम न दिल्याबद्दल मीं मुलांचा अर्धा गुण कापीत असें, तेव्हां पालक माझ्यावर रुष्ट होत.

आतां थोडें बाहेरच्या जगाकडे पाहूं, कारण आमच्या पतसंस्थेंत जें झालें तेंच अमेरिकेंतील एका बलाढ्य पेढीच्या मुळावर आलें. नाइट कॅपिटल नांवाची पेढी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत दलालीचें काम करी. तिचे मागणीपत्रें पाठविणारे आठ सर्व्हर होते. 2012 च्या जुलै महिन्याच्या अखेरीस त्यांच्यावर नवा प्रोग्राम बसविण्यांत आला. सातांवर बसला, आठव्यावर बसवावयाचा राहिला, आणि तो राहिला हें पाहण्यास दुसरा मनुष्य नेमलेला नव्हता. आठव्या सर्व्हरवर एक जुना भाग होता. त्याचा उपयोग 2003 पासूनच बंद झाला होता, पण तो कोणी काढून टाकला नव्हता. नव्या प्रोग्रामनें जी खूण आपल्या कामासाठीं घेतली, तीच खूण पूर्वीं त्या जुन्या भागाला जागें करीत असे. 1 ऑगस्ट रोजीं बाजार उघडला, खूण पडली, आणि आठवा सर्व्हर नऊ वर्षांच्या झोपेंतून उठून खरेदीविक्री करीत सुटला. पाऊण तासांत चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले. पेढीचें नुकसान 46 कोटी डॉलरांच्या वर गेलें.

या हकीकतींतल्या दोन गोष्टी मला रकमेपेक्षांहि अधिक लागल्या. बाजार उघडण्यापूर्वींच यंत्रांनीं चुकीची सूचना देणारीं 97 पत्रें कर्मचाऱ्यांना आपण होऊन धाडलीं होतीं. तीं कोणी मनावर घेतलीं नाहींत. आणि दुसरी याहून दुःखाची. घोटाळा सुरू असतांना, नव्या प्रोग्राममध्येंच दोष असावा असें समजून, पेढीच्या माणसांनीं ज्या सात सर्व्हरांवर तो बरोबर बसला होता तेथूनच तो काढून टाकला! आजारी एक होता, औषध सात निरोग्यांना दिलें, आणि त्या सातांतहि तोच रोग उत्पन्न झाला. अमेरिकेच्या रोखे आयोगानें 2013 च्या ऑक्टोबरांत पेढीला 1 कोटी 20 लाख डॉलर दंड केला. तत्पूर्वींच ती दुसऱ्या पेढींत विलीन झाली होती. त्या सकाळीं कोणी आठहि सर्व्हरांच्या याद्या शेजारीं शेजारीं ठेवून बोट फिरविलें असतें, तर काय झालें असतें हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्यापैकीं पुष्कळांनीं स्वतः भोगलें असेल. 19 जुलै 2024 या दिवशीं मुंबईच्या विमानतळावर उतारूंच्या रांगा लागल्या, विमान कंपन्यांचीं कामें हातांनीं करावीं लागलीं, आणि देशांत कित्येक ठिकाणीं उतारूंना हस्तलिखित प्रवेशपत्रें देण्यांत आलीं. क्राउडस्ट्राइक ही संगणकांना विषारी प्रोग्रामांपासून जपणारी कंपनी. तिनें आपल्याकडील वेळेप्रमाणें सकाळीं 9 वाजून 39 मिनिटांनीं माहितीची एक नवी फाईल जगभर पाठविली. ती फाईल 21 रकान्यांची होती, आणि ती वाचणारा जो प्रोग्राम आधींच संगणकांवर बसलेला होता त्याच्यापाशीं 20 रकाने होते. मागच्या चांचण्यांत एकविसाव्या रकान्यांत ‘कांहींहि चालेल’ अशी खूण असल्यामुळें तो कोणी उघडून पाहिलाच नव्हता. त्या दिवशीं त्यांत खरोखरीची अट लिहिली गेली. प्रोग्राम एकविसावा रकाना पाहावयास गेला, तेथें कांहीं नव्हतें, आणि विंडोज कोसळलें. कंपनीनें 78 मिनिटांत फाईल मागें घेतली, परंतु तोंवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें 85 लाख संगणक पडले होते; आणि पडलेला संगणक नवी सूचना ऐकूं शकत नसल्यामुळें बहुतेक ठिकाणीं माणसानें जाऊन ती फाईल हातानें काढावी लागली. गंजिफाचें गळलेलें पान तें हेंच. पाठविण्यापूर्वीं यंत्रानें तपासणी केली नव्हती असें नाहीं. पण तपासणारानेंहि प्रोग्रामपाशीं 21 रकाने आहेत असेंच धरून चाललें होतें. आंबे मोजणारा आणि भरणारा एकच असला म्हणजे मोजणीचा उपयोग होत नाहीं.

तेव्हां करावें काय? पेटी एकदांच बांधावी, आणि जी चांचणीला लावली तीच पुढें न्यावी. चांचणीसाठीं एक व कारभारासाठीं दुसरी अशी बांधूं नये. हातानें बांधूं नये. त्यासाठीं मेव्हनसारखीं साधनें आहेत, आणि कोणत्या वस्तु सर्व्हर पुरवील तें त्यांना सांगून ठेवतां येतें. पूर्वीं पार्सल कापडांत शिवून गांठीवर लाखेचें मोहोर करीत. तसें मोहोर येथेंहि करतां येतें. पेटीवरून हिशेब करून 64 अक्षरांची एक खूण काढतात, आणि पेटींतील एक अक्षर जरी बदललें तरी ती खूण सगळी बदलते. निघतांनाची व पोंचल्यावरची खूण जुळली कीं वाटेंत कांहीं झालें नाहीं याची खात्री पटते. नव्या पेटीसाठीं कप्पा रिकामा असावा. सर्व सर्व्हरांवर एकदम जाऊं नये. एकावर बसवून, त्यावर प्रत्यक्ष एक रुपया भरून व एक रुपया काढून पाहावें. नुसतें बोधचिन्ह पाहून समाधान मानूं नये. क्राउडस्ट्राइकनेंहि त्या प्रसंगानंतर नव्या फायली टप्प्याटप्प्यानें पाठविण्याचें जाहीर केलें.

जुनी पेटी जपून ठेवावी, हें सर्वच सांगतात, कारण कांहीं बिनसलें तर मागें फिरतां येतें. पण यांत एक मेख आहे, आणि ती घाईच्या रात्रीं आठवत नाहीं. नवा प्रोग्राम पुष्कळदां हिशेबाच्या वह्यांचे रकानेहि बदलतो. त्या बदललेल्या वह्या जुन्या प्रोग्रामला वाचतां येतीलच असें नाहीं. आणि सकाळपासून त्यांत खातेदारांचे व्यवहार लिहिले गेले असले, तर वह्याहि जुन्या करून भागत नाहीं, कारण तेवढे व्यवहार पुसले जातील. म्हणून मागें फिरण्याची वाट कोठपर्यंत मोकळी आहे, आणि कोणत्या क्षणानंतर ती बंद होते, हें पेटी नेण्यापूर्वींच, दिवसाउजेडीं, कागदावर लिहून संस्थेच्या चिटणिसांच्या टेबलावर ठेवावें. आमच्या पतसंस्थेंत आतां असा कागद ठेवतात, आणि त्यावर दोघांच्या सह्या असतात.